भट्टीचं ब्लँकेट निवडताना: वाहकतेचा आकडा कोणत्या तापमानाचा?

भट्टीच्या आतून उष्णता अडवायला लावतात ते सिरॅमिक फायबर ब्लँकेट घेताना बहुतेक ग्राहक उष्णतावाहकता विचारतात. ती कोणत्या तापमानाची, हे मात्र राहून जातं. १२८ डेन्सिटीच्या (घनमीटरला १२८ किलो) ब्लँकेटची वाहकता सरासरी (गरम आणि थंड बाजूंच्या मधल्या) ४०० अंश सेल्सिअसला ०.१ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते, १००० अंशांना ०.३ च्या घरात. माल तोच, आकडा तिप्पट.

हे प्रारणामुळे, म्हणजे किरणांच्या रूपात जाणाऱ्या उष्णतेमुळे होतं. घट्ट अ‍ॅल्युमिना विटेत उष्णता मुख्यतः अणूंच्या कंपनांतून सरकते. तापमान वाढलं की कंपनं एकमेकांना आडवी येतात आणि वाहकता उलट घटते. ब्लँकेटमध्ये मात्र नव्वद टक्क्यांहून जास्त जागा हवेची. त्या पोकळ्यांतून इन्फ्रारेड किरण तंतूमागून तंतू ओलांडत पुढे जातात. प्रारणाचा हा वाटा केल्विनमधल्या तापमानाच्या घनाप्रमाणे वाढतो. ३०० अंशांवरून १००० वर गेलं की साधारण ११ पट!

मास्क लावून ब्लँकेटचा पातळ पापुद्रा सोडवा आणि मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा, उजेड पलीकडे दिसेल. १००० अंशांना सर्वांत तीव्र किरणांची तरंगलांबी सुमारे २.३ मायक्रॉन असते आणि तंतूही साधारण २ ते ४ मायक्रॉन जाडीचे. त्यामुळे तंतू हे किरण चांगले विखुरतात. तंतू जितके दाट, तितकी अडवणूक जास्त. २०० अंशांच्या ओव्हनला ६४ आणि १२८ मध्ये फारसा फरक पडत नाही, तिथे महाग माल आम्हीही सुचवत नाही. हीट ट्रीटमेंटच्या (धातू तापवून त्याचे गुण बदलायच्या) भट्टीत मात्र डेन्सिटीत काटकसर केली तर ती बिलात वसूल होते. मधला मार्ग म्हणजे आतल्या गरम बाजूला १२८ आणि शेलकडच्या (भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याकडच्या) थरांना ९६.

जागाच कमी असेल तर मायक्रोपोरस (अतिसूक्ष्म छिद्रांचा) बोर्ड. त्यात किरण अडवायला टायटॅनियम डायऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडची पूड मिसळलेली असते. महाग आहे, आणि पाणी लागलं की खराब होतो.

दरपत्रकं ताडून पाहताना सरासरी तापमान एकच धरा: आत १०००, शेल ८०, तर ५४० अंशांचा आकडा मागा. लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) जुनं असेल तर शेलचा रंगही बघा. सरळ रेघेत रंग उडालेला असेल तर ब्लँकेट आकसून सांधा उघडलाय आणि किरण थेट पत्र्यावर पडताहेत. तेवढ्यासाठी सगळं लायनिंग बदलायची गरज नसते. भट्टी थंड झाल्यावर सांध्यात ब्लँकेटची पट्टी दाबून बसवली तरी बहुधा भागतं.