ॲक्युपंक्चरचे मेंदूवरील परिणाम : प्रतिमांकन संशोधन

ॲक्युपंक्चरची सुई टोचल्यावर मेंदूच्या कोणत्या भागाचे कार्य वाढते आणि कोणत्या भागाचे मंदावते, याचा प्रतिमांकन यंत्रांनी केलेला अभ्यास. त्यासाठी मुख्यतः कार्यात्मक एमआरआय वापरतात. मेंदूतील रसायनांचा माग काढायचा असल्यास पेट स्कॅन. कार्यात्मक एमआरआय चेतापेशींचे काम थेट मोजत नाही. रक्तातील ऑक्सिजननुसार बदलणारा संकेत ते टिपते, आणि उद्दीपनानंतर हा संकेत शिखराला पोचायला सुमारे 5 सेकंद लागतात.

यंत्राच्या नळीत माणूस निजल्यावर हातपायच काय ते हाताशी राहतात. त्यामुळे बहुतेक प्रयोग अंगठा-तर्जनीमधल्या ‘हेगू’ किंवा गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या ‘झूसान्ली’ या बिंदूंवर होतात. सुई अचुंबकीय धातूची लागते. ती टोचून काही मिनिटे तशीच ठेवतात, मग दोन मिनिटे हलक्या हाताने उलटसुलट फिरवतात, थांबतात, पुन्हा फिरवतात. स्कॅन संपल्यावर बधिरता, जडपणा, ठणका किती जाणवला याचे गुण विचारतात. चिनी वैद्यकात या संवेदनेला ‘दे-ची’ म्हणतात. हे विचारणे वगळले तर निष्कर्ष फसतो : मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील कॅथलीन हुई यांच्या गटाला दे-ची जाणवलेल्यांत अमिग्डला, हिप्पोकॅम्पस अशा लिंबिक (भावना व स्मृतीशी निगडित) भागांचा संकेत घटलेला दिसला, तर टोचल्याची तीव्र कळ आलेल्यांत तो वाढलेला. दोघांची सरासरी काढली की हाती काहीच लागत नाही.

दुसरी अडचण विश्रांतीच्या टप्प्याची. सुई थांबली तरी परिणाम ओसरत नाही. म्हणजे तुलनेसाठी धरलेली ‘विश्रांती’ खरी विश्रांती नसतेच. कळ आली की डोके किंचित हलते, तेवढ्यानेही खोटे ठिपके उमटतात. खरा संकेत योगायोगापासून वेगळा करणारी सांख्यिकी गाळणी सैल असली तर ते प्रतिमेत तसेच राहतात.

1998 साली झांग-ही चो व सहकाऱ्यांनी पायाच्या करंगळीवरील, परंपरेने डोळ्यांशी जोडलेला बिंदू उद्दीपित केल्यास दृष्टिबाह्यक (मेंदूचा पाहण्याशी संबंधित पृष्ठभाग) उजळते असे प्रसिद्ध केले. बिंदू आणि इंद्रिय यांचा धागा सापडला म्हणून निबंध गाजला. 2006मध्ये तो मागे घेतला गेला. बिंदूगणिक वेगळी, ठरावीक मेंदूछाप असते, हा दावा त्यानंतर सावधपणेच वाचावा लागतो.

तुलनेसाठी बनावट सुई हवी. जर्मन डॉक्टर श्ट्राइटबर्गर यांची सुई बोथट असते. टेकवली की दांडा मुठीत सरकतो आणि आत शिरल्यासारखी वाटते. पण त्वचेला स्पर्श झालाच, त्यामुळे ती पूर्णपणे निष्क्रिय म्हणता येत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या 2009च्या पेट अभ्यासात फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर दीर्घकाळ दुखण्याचा विकार) रुग्णांत खऱ्या उपचाराने म्यू-ओपिऑइड ग्राहींची, म्हणजे वेदनाशामक रसायने ज्यांना चिकटतात त्या मेंदूतील रेणूंची, बंधनक्षमता वाढली, बनावटाने नाही. वेदना मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच कमी झाली.

मनगटातील चेता दबण्याच्या विकारावरील (कार्पल टनेल) 2017चा अभ्यास अधिक उपयोगी आहे, कारण त्यात स्कॅनखेरीज चेतासंवहनही (चेतेतून संदेश वाहण्याचा वेग) मोजले होते. 8 आठवड्यांत 16 बैठकी झाल्यावर लक्षणे सर्वच गटांत उतरली. खऱ्या उपचाराच्या गटांत मात्र चेतासंवहन बनावटापेक्षा अधिक सुधारले आणि संवेदी बाह्यकात (मेंदूचा स्पर्श जाणणारा पृष्ठभाग) तर्जनी व मधल्या बोटाच्या जागांमधले अंतर वाढले. ज्यांच्यात हे अंतर अधिक वाढले, त्यांचा आराम 3 महिन्यांनंतरही अधिक टिकला.