बोगनवेल (गोव्यातील आगमन व प्रसार)

बोगनवेल : गुलबक्षीच्या कुलातील (निक्टॅजिनेसी) काटेरी, काष्ठमय वेल. मूलस्थान दक्षिण अमेरिका. ब्राझील, पेरू, बोलिव्हिया व उत्तर अर्जेंटिनात तिच्या जाती रानटी वाढतात. फूल म्हणून ओळखला जाणारा रंगीत भाग म्हणजे तीन पातळ छदे (फुलाखालची रूपांतरित पाने). प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेवर एक पांढरट नळीदार फूल चिकटलेले असते.

फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील यांच्या जगप्रदक्षिणेत वनस्पतिज्ञ फिलिबेर कॉमर्सन यांनी १७६७ मध्ये रिओ दि जानेरो येथे हिचे नमुने गोळा केले. पुरुषवेषात त्यांच्याबरोबर असलेल्या झान बारे यांच्याकडे या शोधाचे श्रेय जात असावे, असेही काहींचे मत आहे. प्रजातीचे वर्णन १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिज्ञ झ्युस्यू यांनी प्रसिद्ध केले.

पोर्तुगीजांनी काजू-अननसाबरोबर ही वेल ब्राझीलहून थेट गोव्यात आणली, असे सर्रास सांगितले जाते. दुसऱ्या मतानुसार ती यूरोपमार्गे, सुमारे १८६० मध्ये कोलकात्यात आली आणि तेथून उद्यानांतून देशभर पसरली. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. काजूची बी महिनोन्‌महिने टिकते, अननसाचा शेंडा कोरडा राहूनही जगतो. बोगनवेलीची छाट मात्र खारे वारे आणि पाण्याच्या टंचाईत प्रवासातच मरते. जिवंत रोपे काचपेटीत बंद करून दूर नेण्याची इंग्रज डॉक्टर वॉर्ड यांची पद्धत १८३० च्या दशकातली, म्हणजे काजू-अननसाच्या आगमनानंतरची. शिवाय पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या गोव्यात छापलेल्या ग्रंथात (१५६३) हिचा उल्लेख नाही. अर्थात तो ग्रंथ औषधींचा असल्याने या पुराव्याचे वजन मर्यादित आहे.

खरे तर आगमन एकच मानणे हीच अडचण आहे. मोठ्या केसाळ पानांची स्पेक्टॅबिलिस, गुळगुळीत पानांची ग्लॅब्रा आणि ग्लॅब्रा व पेरूव्हियाना या जातींच्या संकरातून आलेली बुटियाना यांचा इतिहास वेगवेगळा आहे. बुटियानाचा मूळ वाण ‘मिसेस बट’ कोलंबियातील कार्ताहेना येथून १९१० च्या सुमारास त्रिनिदादला गेला व मग जगभर पोचला. म्हणून दक्षिण गोव्यातील लोटली-चांदर भागातील घर कितीही जुने असले, तरी त्याच्या बाल्कांवावर (दर्शनी ओसरीवर) चढलेली बुटियाना विसाव्या शतकाआधीची असू शकत नाही. बागेतले बहुतेक वाण बी धरत नाहीत. वेल एका परसातून दुसऱ्या परसात गेली ती छाटीनेच.

छाट पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व फांदीची, १५–२० सेंमी. लांब घेतात, कोवळी छाट कुजते. वाळूमिश्रित मातीत दोन डोळे पुरून ती सावलीत ठेवतात. मुळे न धरणाऱ्या वाणांची गुटी बांधतात (फांदीला वेलीवरच मुळे फोडतात) किंवा काटक खुंटावर डोळा भरतात (त्या वाणाची कळी बसवतात). ‘मेरी पामर’सारख्या दुरंगी वाणात एकाच रंगावर गेलेल्या फांदीची छाट घेतली, तर पुढे दुसरा रंग बहुधा दिसत नाही.

पावसाळ्यात पाने माजतात, फूल तुटपुंजे येते. खरा बहर दिवाळीनंतर, लहान दिवस व कोरडी जमीन यांमुळे सुरू होऊन उन्हाळाभर चालतो. या काळात रोज पाणी किंवा शेणखताचा मारा केल्यास पुन्हा पालाच वाढतो. जांभ्याच्या चिऱ्यांच्या गडग्याकाठची निचऱ्याची जमीन तिला मानवते; भातशेतीकडच्या पाणथळ कडेला पाने पिवळी पडून मुळे कुजतात. छाटणी बहर ओसरल्यावर, पावसाआधी करतात. मुळे ठिसूळ असल्याने कुंडीतून लावताना मातीचा गोळा फुटू देऊ नये. फुटल्यास पाने गळून रोप बहुधा दगावते.