जलरंग रेखाटन (रोजचा सराव)

हाताशी असलेली वस्तू किंवा समोरचा निसर्ग पारदर्शक जलरंगात, एका बैठकीत, छोट्या वहीत उतरवण्याचा नियमित सराव. विषय कुठलाही चालतो : ओट्यावरचे वांगे, चहाचा कप, कुंडीतली तुळस, गॅलरीतून दिसणारा गुलमोहर, स्टँडवर लावलेली स्कूटर. प्रदर्शनात लावायच्या चित्राशी याचे नाते दूरचे आहे. हे टिपण असते, आणि ते अर्धवट राहिले तरी बिघडत नाही. व्यावसायिक चित्रकार, वनस्पतींचे अभ्यासक, वास्तुविशारद आणि निव्वळ हौशी मंडळी अशा सगळ्यांत हा सराव आढळतो.

या सरावाला शिस्त लागते ती पाण्याची. किती वेळ बसायचे, कोणता विषय घ्यायचा आणि कुठे थांबायचे, हे कागदावरचा वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) किती वेळात वाळतो यावर ठरते. तैलरंगात दुसऱ्या दिवशी येऊनही ओला रंग हलवता येतो. जलरंगात अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पुन्हा ओला ब्रश घातला की पाणी रंग ढकलत नेते आणि कडेला कोबीच्या पानासारखे वेडेवाकडे डाग उमटतात. नोकरी-संसारातून वेळ काढणाऱ्याला हे माध्यम सोयीचे पडते ते यामुळेच. अर्ध्या तासात चित्र आपणहून संपते, आणि वेळेवर न थांबणाऱ्याला ते धडा शिकवते.

माध्यम

जलरंग म्हणजे बारीक वाटलेले रंगद्रव्य आणि बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक. ओलावा टिकावा म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा मध घालतात. रंगाचा थर इतका पातळ असतो की प्रकाश त्यातून कागदापर्यंत जाऊन परत येतो. पांढरा रंग लावायचा नसतो, कागद राखायचा असतो. म्हणून काम फिक्याकडून गडदाकडे चालते. ओला रंग वाळल्यावर फिका दिसतो, त्यामुळे नवशिक्याची पहिली बरीच पाने पुळचट वाटतात. शाळेत पोस्टर कलरची सवय लागलेल्यांना हे जड जाते. तिथे चुकले की वरून पांढरा मारता येतो, इथे ती सोय नाही.

रोजच्या वहीला रंगही फार लागत नाहीत. एक पिवळा, एक लाल, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एवढ्यावर महिनोन्‌महिने निघतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून उबदार राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंतच्या सगळ्या छटा मिळतात, त्यामुळे काळी ट्यूब उघडावीच लागत नाही. अल्ट्रामरीनचे कण जाडसर असल्याने खरखरीत कागदाच्या खळग्यांत ते दाणेदार बसतात. जुनी भिंत किंवा पावसाळी ढग काढताना याचा फायदा होतो. तयार हिरवा मात्र शक्यतो टाळावा. आंब्याची कोवळी तांबूस पालवी, जून पान आणि उन्हातला बांबू यांना एकाच सॅप ग्रीनने रंगवलेली पाने पाहिली की कारण सांगावे लागत नाही.

इतिहास

साध्या निसर्गाकडे असे निरखून पाहण्याची युरोपातली ठळक उदाहरणे आल्ब्रेख्त ड्यूररची आहेत. १५०२ मधला ससा आणि १५०३ मधला गवताचा एक ढेकळासकट तुकडा ही त्याची चित्रे व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहेत. त्यांत जलरंगासोबत अपारदर्शक रंगही वापरलेला आहे. रंग खिशात घालून बाहेर पडणे पुढे सोपे झाले ते रंगांच्या तयार वड्यांमुळे. विल्यम आणि थॉमस रीव्हज या बंधूंना अशा वड्यांसाठी १७८१ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने गौरवले. १८४१ मध्ये जॉन रँड यांनी दाबता येणाऱ्या धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले. ती मूळ तैलरंगासाठी होती, पण लवकरच जलरंगही ट्यूबमध्ये आले.

महाराष्ट्रातला धागा त्याच सुमाराचा आहे. १७९० च्या दशकात पुण्यात इंग्रज रेसिडेंट (पेशवे दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी) चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी गंगाराम तांबट चित्रे काढत होते. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यांनी समोर पाहून रंगवला, वेरूळच्या लेण्यांचीही रेखाटने केली. त्यांची बरीच कामे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. १८४७ ते १८५० या काळात पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानात अलेक्झांडर गिब्सन यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून झाडाझुडपांची जलरंग चित्रे करून घेतली. ती एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनने जपली आहेत. बागेच्या अधीक्षकाचे नाव राहिले, चित्रकाराचे राहिले नाही. नोकरीचा भाग म्हणून केलेले हे काम आजच्या छंदाहून वेगळे खरे, पण पानाची शीर जिथे वळते तिथेच वळवण्याची शिस्त तीच आहे.

१८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर ज. जी. कला विद्यालयातून पुढे जलरंगाचे वातावरण तयार झाले. म. वि. धुरंधर, सा. ल. हळदणकर अशांची त्यावर हुकमत होती. हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे हळदणकरांचे म्हैसूरमधले गाजलेले चित्र अनेकांना तैलरंगातले वाटते, प्रत्यक्षात ते जलरंगातले आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मात्र या विषयाच्या अधिक जवळचे. कोटितीर्थ, पंचगंगा आणि आसपासची झाडी त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवली. एकच जागा वेगवेगळ्या उजेडात पाहणे म्हणजे काय, हे त्यांच्या कामात दिसते.

सामान्य मराठी घरात हे माध्यम पोचले ते एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांमुळे. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्राच्या पेपरला पुढ्यात मांडलेली बादली, भाजी, फळ, मागे सोडलेला कपडा हे दृश्य कित्येक पिढ्यांच्या ओळखीचे आहे. रंगही हाताशी होते. १९३१ मध्ये दि. प. दांडेकर यांनी शाईपासून सुरू केलेल्या मुंबईच्या कॅमलिनने पुढे रंगपेट्या घरोघर नेल्या. अलीकडे पुण्याचे मिलिंद मुळीक यांच्या प्रात्यक्षिकांनी आणि पुस्तकांनी अनेक प्रौढांना ब्रश पुन्हा हातात घ्यायला लावला. पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कँपानारिओ यांनी २००७ मध्ये सिएटलमधून सुरू केलेल्या अर्बन स्केचर्स या चळवळीचे गट मुंबई-पुण्यातही आहेत. फोटोवरून न काढता जागेवर बसून काढायचे, हा त्यांचा मुख्य आग्रह.

वस्तू आणि निसर्ग

घरातली वस्तू जागची हलत नाही, हा तिचा मोठा गुण. उदाहरणादाखल वांगे घेऊ. खिडकीच्या एका बाजूने उजेड येईल असे ते ठेवतात. पेन्सिलीने बाहेरची रेघ, देठाच्या टोपीचे टोकदार कोपरे आणि चकाकीची जागा एवढेच आखायचे. पहिला वॉश फिक्या जांभळ्याचा, चकाकी कोरडी सोडून. तो ओला असतानाच सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन मिसळलेला दाट जांभळा सोडायचा आणि ब्रश उचलायचा. रंग आपला आपण पसरतो. याच क्षणी अजून थोडा नीट करू म्हणून हात पुढे जातो आणि गोलाई मरते. कागदावरची ओली चमक गेली की हात लावायचा नाही, पूर्ण वाळेपर्यंत थांबायचे. मग देठाचा हिरवा आणि टेबलावर पडलेली सावली. सावलीत वांग्याचा जांभळा थोडा उतरलेला असतो. तो दिसला नाही तर वांगे हवेत तरंगते.

स्टीलचा पेला त्याहून अवघड, कारण त्याला स्वतःचा रंगच नाही. खिडकी, ओटा आणि काढणाऱ्याचा शर्ट एवढेच त्यात असते. मोगऱ्यासारखे पांढरे फूल काढायचे तर फूल रंगवायचे नाही, त्यामागचा गडद भाग रंगवायचा.

निसर्ग थांबत नाही. पारिजातकाची फुले पहाटे गळतात आणि ऊन चढताच मलूल होतात. जास्वंदाचे फूल साधारण एका दिवसाचे. खुडून आणलेले तेरड्याचे फूल वहीशेजारीच मान टाकते. म्हणून आधी जे कोमेजणार ते, मग पाने, शेवटी खोड असा क्रम सरावलेले लोक ठेवतात. बाहेर बसल्यावर सावल्यांचे तसेच. त्या सुरुवातीलाच आखून घ्यायच्या आणि नंतर कितीही सरकल्या तरी बदलायच्या नाहीत. नाहीतर एकाच पानावर सकाळचे आणि दुपारचे ऊन येते.

हवामान आणि साहित्य

परदेशी वर्गांतल्या सूचना आपल्याकडे तशाच्या तशा चालत नाहीत. विदर्भात मे महिन्यात वॉशची एक कड दुसऱ्या कडेला मिळेपर्यंत वाळून जाते. तिथे कागद दोन्ही बाजूंनी ओला करून घेतात किंवा सूर्य उगवण्याआधीच बसतात. कोकणात पावसाळ्यात उलट. थर वाळता वाळत नाही, दुसरा थर पहिल्यात मिसळतो आणि सगळे मातकट होते. अशा दिवसांत अगदी थोडे पाणी घ्यावे किंवा एकाच थरात काम उरकावे.

ब्रश दोन पुरतात : टोक नीट जुळणारा ८ किंवा १० नंबरचा गोल आणि एक बारीक. प्रवासात दांड्यात पाणी भरायचा ब्रश सोयीचा, पण त्यातून पाणी किती सुटते यावर ताबा कमी. शेजारी सुती फडके हवेच. जुन्या धोतराचा तुकडा टिश्यू पेपरपेक्षा चांगला. खर्च करायचाच तर रंगाआधी कागदावर करावा. ३०० ग्रॅमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद पाण्याने फारसा सुरकुतत नाही, आणि कापसाच्या लगद्याचा असेल तर वॉश सावकाश पसरू देतो. १९४० मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद अनेक चित्रकारांनी वापरला आहे. मात्र महागडी वही आणली की पान खराब होईल या भीतीने ती कोरीच राहते, हेही खरे. त्यामुळे रोजसाठी मध्यम कागद आणि रविवारसाठी चांगला, अशी वाटणी बरेच जण करतात.

भरलेल्या वह्यांना उजेडापेक्षा दमटपणाचा धोका जास्त. अलिझरीन क्रिमझन या गडद लालसारखे रंग उन्हात उडतात, पण मिटलेल्या वहीत त्यांना उजेड लागत नाही. बुरशी मात्र मिटलेल्या वहीतच वाढते. कागदाला रंग शोषू न देणारी खळ एकदा कुजली की कोऱ्या पानावरही वॉश टीपकागदासारखा फुटतो. म्हणून पावसाळ्याआधी वह्या उन्हात न ठेवता सावलीत, हवेशीर जागी उघडून ठेवतात आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकतात.