ॲल्युमिनियमवर हवेचा परिणाम होत नाही, हा समज चुकीचा आहे

गोव्यात किनाऱ्यालगत घर बांधणाऱ्यांना हमखास सांगितले जाते की, खिडक्यांना ॲल्युमिनियम लावा, कारण त्यावर हवेचा काहीच परिणाम होत नाही. सल्ला बराचसा योग्य आहे. कारण मात्र चुकीचे आहे. ऑक्सिजनशी संयोग पावण्याची ॲल्युमिनियमची ओढ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असते, आणि ताजा कापलेला पृष्ठभाग हवेत येताच क्षणार्धात त्यावर जेमतेम काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) जाडीचा, घट्ट चिकटलेला ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो व तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र आणि भुसभुशीत असल्याने त्याच्या खपल्या पडतात, खालचा धातू पुन्हा उघडा पडतो, आणि पावसाळ्यात आपल्या गजांची जी दशा होते ती आपण दरवर्षी पाहतो. तथापि खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक घटक, ॲल्युमिनियमचे हे कवचही जागोजागी भेदते व बारीक खड्डे पडतात, म्हणून किनाऱ्यावर ॲनोडाइझ केलेल्या, म्हणजे विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर मुद्दाम जाड केलेल्या चौकटी घ्याव्यात आणि त्यांवर साचलेले मीठ अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावे.