केशराचा कंद फ्रिजमध्ये ठेवू नका
(कुंडीत क्रोकस लावणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सप्टेंबर उजाडला की नाशिकच्या आमच्या रोपवाटिकेत फोन सुरू होतात, "केशराचे कंद आले का?" डिसेंबर लागला की त्यांतल्याच काही घरांतून दुसरा फोन येतो, "कंद नुसते पडून आहेत, फूल काही आलं नाही." या दुसऱ्या फोनवर आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो, कंद फ्रिजमध्ये ठेवले होते का? बहुतेक वेळा उत्तर "हो" येतं. ग्राहकाने ते निष्काळजीपणाने केलेलं नसतं. उलट शोधून, वाचून, अगदी मनापासून केलेलं असतं. म्हणूनच जास्त वाईट वाटतं आणि म्हणूनच हे पत्रक छापून प्रत्येक पिशवीबरोबर देतो आहोत.

क्रोकस हे एका झाडाचं नाव नाही, ते अख्खं कूळ आहे. आमच्याकडे त्यातले दोन प्रकार मिळतात. एक शोभेचा, ज्याला बाजारात डच क्रोकस म्हणतात. जांभळी, पांढरी, पट्ट्यापट्ट्यांची मोठी फुलं येतात. दुसरा केशराचा, ज्याच्या फुलातले तीन लाल तंतू म्हणजे आपलं केशर. दोन्ही कंद दिसायला जवळजवळ सारखे, लावायचे दिवसही जवळपासचे. पण दोघांची घड्याळं उलटी आहेत.

शोभेचा क्रोकस युरोपातल्या डोंगराळ भागातला. तो हिवाळाभर बर्फाखाली निजतो आणि बर्फ वितळू लागला की फुलतो. त्याला तीन महिने कडक थंडी मिळाल्याशिवाय फूल येत नाही. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून त्याला फ्रिज लागतो. केशराचं तसं नाही. त्याचा कंद उन्हाळ्यात जमिनीत सुप्त असतो आणि त्याच काळात, २३ ते २७ अंशांच्या उबेत, त्याच्या पोटात फुलाची कळी धरते. ऑगस्ट संपेपर्यंत ती आतल्या आत पूर्ण तयार झालेली असते. मग हवा हळूहळू उतरत १७ अंशांच्या आसपास आली की कळी वर येते. काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हा फुलोरा चालतो, बर्फ पडायच्या आधी.

म्हणजे सप्टेंबरमध्ये आम्ही जो कंद तुमच्या हातात देतो, तो गर्भार असतो. त्याला चार-पाच अंशांच्या फ्रिजमध्ये महिना-दोन महिने कोंडलं की आतली कळी तिथेच मरते. कंद वरून टणक राहतो, पुढे पातसुद्धा काढतो. फूल मात्र येत नाही.

गेल्या डिसेंबरात कॉलेज रोडकडच्या एक ताई बारा कंदांची कुंडी घेऊन आल्या. पात छान हिरवी, वीतभर. फूल एकही नाही. त्यांच्या परवानगीने आम्ही एक कंद उपसून धुतला आणि चाकूने उभा चिरला. आतला गर पांढराशुभ्र, कच्च्या बटाट्यासारखा. पण पातीच्या बुडाशी, जिथे कळीचा देठ असायला हवा, तिथे विझलेल्या काडीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका होता. शेजारी आमच्याकडचा, फ्रिज न पाहिलेला पण उशिरा राहिलेला कंद चिरून ठेवला. त्यातली कळी पिवळसर, ओलसर, आणि नखाने उघडल्यावर केसाएवढे तीन तंतू वेगळे दिसले. ताई बराच वेळ दोन्ही फाकांकडे बघत राहिल्या. त्यांनी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, केळी आणि चिकूंच्या शेजारी, सात आठवडे कंद ठेवले होते. पिकणाऱ्या फळांतून जो इथिलीन वायू सुटतो तोही कळीला बाधतो, त्यामुळे दुहेरी नुकसान झालं.

दुसरी विचारणा खास आपल्या जिल्ह्यातली. "आमच्या मामांचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे ठेवू का?" नको. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. ती द्राक्षाला लागणारी थंडी आहे, केशराला ती मारक आहे.

ठेवायचंच असेल तर कांदा आठवा. उन्हाळ कांदा आपण चाळीत ठेवतो, तो कशासाठी? सावली असावी, खालून-वरून वारा खेळावा, ओल लागू नये. केशराच्या कंदालाही नेमकं तेवढंच हवं. फरक एवढाच की चाळीतली मे महिन्याची धग त्याला सोसत नाही, म्हणून घरातली सर्वांत गार, कोरडी जागा बघा. जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना माजघर आहेच. फ्लॅटमध्ये उत्तरेकडच्या खोलीत पलंगाखाली चालतं.

आता लावायचं कसं. इथे आमची पद्धत इतरांपेक्षा वेगळी आहे आणि त्यावरून बऱ्याच जणांनी आमच्याशी वाद घातला आहे. आम्ही सांगतो, फूल येईपर्यंत केशराचा कंद मातीत लावूच नका. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, एकेका खळग्यात एकेक कंद बसवा, चपटी बाजू खाली आणि टोक वर. पाणी अजिबात घालू नका. कळीला आणि फुलाला लागणारं सगळं कंदाच्या पोटात आधीच साठवलेलं असतं. काश्मीरमध्येही आता काही शेतकरी कंद खोलीत ट्रेमध्ये मांडून फुलं घेतात आणि फुलं खुडून झाल्यावर कंद जमिनीत लावतात. नाशिकमध्ये तर याचा दुप्पट फायदा आहे. आपला सप्टेंबर पावसाचा, ऑक्टोबर तापलेला. ओल्या मातीत आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात कंद लावला तर तो सहज सडतो. आम्ही स्वतः सुरुवातीची दोन वर्षं कुंडीतच लावून निम्मे कंद घालवले आहेत, तेव्हा हे अनुभवाचं बोलणं आहे.

ट्रे दिवसा खिडकीजवळ उजेडात, पण थेट ऊन लागणार नाही असा. ऑक्टोबर सरत आला आणि पहाटे पांघरूण ओढावंसं वाटू लागलं की रोज रात्री ट्रे गॅलरीत ठेवा. बंद फ्लॅटमध्ये नोव्हेंबरातसुद्धा हवा २२-२३ अंशांच्या खाली जात नाही आणि मग कोंब अडून बसतात. साधा भिंतीवरचा तापमापक लावलात तर अंदाजावर राहावं लागणार नाही. आमच्याकडे तो कंदांबरोबर मिळतो, पण घरात असेल तर नवा घेऊ नका. हवा फार कोरडी झाली तर ट्रेशेजारी पाण्याचं पसरट भांडं ठेवा. निफाड-पिंपळगावकडे थंडी आधी उतरते, त्यामुळे तिकडच्या ग्राहकांचे फोटो शहरातल्यांच्या आधी येतात. शहरात नोव्हेंबर धरून चला. कोजागरीच्या दुधात घरचं ताजं केशर घालायची हौस अनेकांना असते. त्यासाठी आदल्या वर्षीचं वाळवलेलं जपून ठेवावं लागेल, कारण त्या वर्षीचं फूल तोवर येत नाही.

फूल पहाटे उमलतं. त्याच सकाळी, ऊन चढायच्या आत, खुडा. जांभळ्या पाकळ्यांमध्ये तीन पिवळे पुंकेसर असतात, ते सोडून द्या आणि तीन लाल तंतू तेवढे घ्या. सावलीत कागदावर वाळवा, कडक झाले की काचेच्या लहान बाटलीत भरा. ताज्या तंतूला फारसा वास येत नाही, तेव्हा "नकली निघालं" असं समजू नका. केशराचा घमघमाट वाळताना तयार होतो.

किती मिळेल, हेही आधीच सांगतो. एक ग्रॅम वाळलेलं केशर व्हायला साधारण १५० फुलं लागतात. दहा कंदांतून तुमच्या घरी एका वेळच्या श्रीखंडापुरतं केशर निघेल. केशर विकत घ्यायचा खर्च वाचवायला कुणी कंद नेत असेल तर आम्ही नको म्हणतो. पण स्वतःच्या गॅलरीत उमललेल्या फुलातला लाल तंतू नातवंडांच्या हाताने खुडायचा असेल, तर जरूर न्या.

फुलं संपली की कंद लगेच कुंडीत लावा. पुढच्या वर्षाची खरी कमाई इथून सुरू होते आणि नेमकं इथेच लोकांचं लक्ष उडतं. आठ-दहा इंच खोल कुंडी, तळाला भोकं मोकळी. आपली काळी माती यात चालत नाही, ती पाणी धरून ठेवते. लाल माती, चाळलेली जाड वाळू आणि जुनं कुजलेलं शेणखत समप्रमाणात घ्या. कंद तीन इंच खोल, दोन-दोन बोटं अंतर सोडून. आता मात्र भरपूर ऊन द्या, निदान पाच तास, आणि वरची माती कोरडी झाली की मगच पाणी. पात बारीक, गवतासारखी येते आणि मधोमध पांढरट रेघ असते. ती रेघ घरातल्या सगळ्यांना आणि माळीकाकांना एकदा दाखवून ठेवा. दरवर्षी दोन-तीन कुंड्यांतली पात गवत समजून उपटली जाते. ही पात मार्चपर्यंत जे अन्न करते त्यावर जुन्या कंदाच्या डोक्यावर नवे कंद पोसतात आणि जुना आक्रसून संपतो. पात कापलीत तर नवे कंद लहान राहतात. पाडव्याच्या सुमाराला ती आपसूक पिवळी पडते, तेव्हा पाणी बंद करा, कंद काढा, माती झाडा, जाळीच्या पिशवीत भरून गार जागी टांगा.

दुसऱ्या वर्षी फूल येईलच असं आम्ही कुणालाही लिहून देत नाही. एक तर नवे कंद पहिल्या वर्षी बहुधा लहान असतात आणि साधारण आठ ग्रॅमच्या खालचा कंद फुलत नाही. दुसरं म्हणजे आपला एप्रिल-मे. पारा चाळिशीकडे गेला की कळी धरण्यात अडथळा येतो. यासाठी आम्ही एक सोय केली आहे. एप्रिलमध्ये कंद आमच्याकडे आणून द्या. २५ अंशांवर ठेवलेल्या खोलीत, तुमच्या नावाच्या चिठ्ठीसह, सप्टेंबरपर्यंत सांभाळतो. त्याचं थोडं भाडं घेतो, कारण विजेचं बिल खरं आहे. आमच्याकडून घेतलेले नसले तरी कंद ठेवून घेतो, फक्त बुरशी नसावी.

शोभेच्या क्रोकसबद्दल थोडक्यात. त्याला फ्रिज हवाच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवा, फळं दुसरीकडे हलवा. बारा आठवडे झाले की, म्हणजे डिसेंबर अखेरीस, कुंडीत लावा आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा. जानेवारीच्या थंडीत फुलतो. पुढच्या वर्षी तो आपल्याकडे पुन्हा नीट फुलत नाही, एका हंगामाची हौस म्हणूनच घ्या. आणि त्याच्या फुलातले तंतू कितीही केशरी दिसले तरी दुधात घालू नका, ते केशर नव्हे.

आमचा दर ऑनलाइनपेक्षा कंदामागे चार पैसे जास्त आहे, हे खरं. तिथे पुष्कळदा छोट्या बोराएवढे तीन-चार ग्रॅमचे कंद येतात. ते जगतात, पण त्या वर्षी फुलत नाहीत. आम्ही प्रत्येक कंद तराजूवर घालून, सुपारीएवढा, आठ ग्रॅमच्या वरचाच पिशवीत भरतो. "केशराचं बी" म्हणून पाकिटं मिळतात, त्यांच्या नादी तर मुळीच लागू नका. केशराला बी धरतच नाही, ते हजारो वर्षं कंदावरच वाढत आलं आहे. त्या पाकिटांतून उगवते ती बहुधा करडई. ती आपल्या आजोबांच्या शेतातही होती.

फ्रिजमध्ये ठेवलेला कंद आम्ही बदलून देत नाही. हा नियम काहींना कडक वाटतो. पण चिरल्यावर तो डाग लगेच दिसतो, आणि म्हणूनच यंदापासून केशराच्या पिशवीवर लाल शाईत "फ्रिज नको" आणि शोभेच्या पिशवीवर निळ्या शाईत "फ्रिज हवा" असा शिक्का मारतो आहोत. दोन्ही प्रकार एकाच वेळी नेणाऱ्यांनी घरी पोचल्यावर पिशव्या बदलू नयेत. बाकी कोणत्याही कारणाने डिसेंबरपर्यंत फूल आलं नाही तर कंद घेऊन या. तुमच्यासमोर चिरून बघू, आणि चूक आमची निघाली तर पुढच्या सप्टेंबरात तेवढेच कंद मोफत देऊ. आणताना जाळीच्या किंवा कागदी पिशवीत आणा, प्लास्टिकमध्ये घाम येऊन ते वाटेतच खराब होतात.