"किती पॉईंट कव्हर करता?" – आमची टूर बुक करण्याआधी एवढं वाचून घ्या

नमस्कार. चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, दोन दिवसांत किती पॉईंट दाखवणार? आम्ही चार सांगितले की समोरून थोडा वेळ आवाजच येत नाही, मग हळूच येतं, "अहो पण दुसरे तर अकरा दाखवतात." प्रत्येकाला फोनवर सविस्तर सांगायला आम्हाला आवडतंच पण सीझनमध्ये ते जमत नाही, म्हणून हे लिहून ठेवलंय. बुकिंगच्या आधी घरातल्या सगळ्यांनी वाचा, विशेषतः जे येणार आहेत पण फोनवर बोलत नाहीत त्यांनी.

आमची गाडी १७ सीटर ट्रॅव्हलर आहे आणि आम्ही ११च लोकं घेतो, बाकी सीटवर बॅगा, कॅमेरे आणि जेवणाचं सामान. आमच्याबरोबर येणारे निम्मे लोक मोबाईलवर फोटो काढतात, निम्म्यांकडे कॅमेरा असतो, दोन्ही चालतं. जुनी शहरं, लेणी, वाडे, घाट नीट बघायचे आणि घरी गेल्यावर पुन्हा बघावेसे वाटतील असे फोटो घेऊन यायचे, एवढंच आमचं काम. आता फोटो म्हटलं की उजेड आला, आणि उजेड काही आमच्या टाईमटेबलप्रमाणे चालत नाही, आम्हालाच त्याच्याप्रमाणे चालावं लागतं. सगळा घोळ इथेच होतो.

आमची दोन दिवसांची वेरूळ-संभाजीनगर टूरच बघा, त्यातलं वेरूळ. सगळ्यांना वाटतं सकाळी सकाळी जावं, गर्दी कमी, ऊन कमी. पण वेरूळचा डोंगर पश्चिमेकडे तोंड करून आहे, १६ नंबरचं लेणं म्हणजे कैलास, तेही पश्चिमाभिमुख. सकाळी दर्शनी भाग पूर्ण सावलीत असतो आणि मागून आकाश पांढरं फटक, फोटोत दगड काळा येतो नाहीतर आकाश उडून जातं. दुपारी साडेतीनच्या पुढे ऊन समोरून यायला लागतं, मग दर्शनी भिंत, वरचं कोरीव काम, शिखर, सगळं एकेक करून उठून दिसतं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे काम झालं, अख्खा डोंगर वरून खाली खोदत आणलाय, तळापासून शिखरापर्यंत उंची सुमारे ३० मीटर. एवढं मोठं काम उन्हात आणि सावलीत वेगळं दिसतं हो, फार वेगळं. म्हणून आम्ही सकाळी साडेसहाला नाशिकच्या द्वारका चौकातून निघतो, येवला वैजापूर करत अकराच्या सुमारास वेरूळला पोचतो, लवकर जेवण, मग भर दुपारी आतली लेणी. १० नंबरचं विश्वकर्मा लेणं, ज्याच्या छताला दगडातच लाकडी वाशांसारखे वासे कोरलेत, आणि ३२ नंबरचं जैन लेणं इंद्रसभा. बाहेर ऊन कडक असताना आत सावलीत मऊ उजेड असतो, तेव्हा ती वेळ वाया जात नाही. आणि साडेतीनला कैलासच्या दारात.

हा सगळा हिशोब कशाने बिघडतो तर एका वाक्याने. "इथवर आलोच आहोत तर..."

येवल्यात दहा मिनिटं पैठणी बघू. खुलताबादला भद्रा मारुती जवळच आहे, नुसतं दर्शन घेऊन येऊ. घृष्णेश्वर तर समोरच आहे. यातली एकही मागणी चुकीची नाही, आम्हीही भद्रा मारुतीला जातो, आमच्या घरात येवल्याची पैठणी आहे. पण येवल्यात दहा मिनिटं असं काही नसतं. एकदा दुकानात बैठक मांडली, साड्या उलगडायला सुरुवात झाली की सव्वा तास कुठे जातो कळत नाही, आणि ११ जणांत तिघीजणी साडी बघतात तेव्हा बाकीचे आठ गाडीत बसून असतात.

मागच्या हिवाळ्यात असंच झालं. येवल्यात सव्वा तास गेला, मग वेरूळ जवळ आल्यावर कुणीतरी परस्पर ड्रायव्हरदादांना सांगितलं की आधी खुलताबाद घ्या, त्यांनाही वाटलं आमच्याशी बोलणं झालंय, गाडी वळली. तिथे शनिवारची रांग. कैलासला पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, डिसेंबरचे दिवस, सहाच्या आत सूर्य मावळतो आणि लेणी सूर्यास्ताला बंद होतात. त्या ग्रुपमध्ये एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी खास या टूरसाठी कॅमेरा घेतला होता, दोन महिने घरच्या घरी सराव केला होता. अर्ध्या तासात शिट्टी वाजायला लागली आणि बाहेर यावं लागलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, आम्हाला तेच जास्त लागलं. त्या दिवशी नाही म्हणायचं काम आमचं होतं आणि आम्ही म्हटलं नाही. पुढच्या फेरीत त्यांना बोलावलं, गाडीभाडं घेतलं नाही, आणि तेव्हापासून नियम केला की रूट बदलायचा तर टूर लीडरशीच बोलायचं, ड्रायव्हरदादांना परस्पर सांगायचं नाही. ते आता ऐकणारही नाहीत, तेव्हा त्यांच्यावर चिडू नका.

मग पैठणी आणि दर्शनाचं काय? दोन्ही आहे. येवल्याला परतीच्या दिवशी पूर्ण दीड तास ठेवलाय, ज्यांना साडी घ्यायची नाही त्यांना आम्ही माग बघायला नेतो, विणकर काम करत असतात तिथे, खिडकीतून येणाऱ्या उजेडात रेशीम फार सुंदर दिसतं, आधी विचारून फोटो काढायचा एवढंच. घृष्णेश्वरला पहिल्या दिवशी जेवणाआधी वेळ आहे, पण तो ज्यांनी बुकिंग करतानाच सांगितलंय त्यांच्यासाठी. रांग मोठी असेल तर त्यांचं जेवण मागे पडेल, कैलास मागे पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठवतो म्हणून काहीजण नाराज होतात. संभाजीनगरला बीबी का मकबरा दक्षिणाभिमुख आहे, आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, त्यामुळे सकाळचं कोवळं ऊन दर्शनी बाजूवर तिरकं पडतं, मिनारांची, कमानींची गोलाई दिसते. उन्हाळ्यात हा फायदा नाही, सूर्य ईशान्येकडून येतो, दर्शनी भाग सकाळी सावलीत राहतो. म्हणूनच ही टूर आम्ही फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी करतो. मे महिन्याच्या सुट्टीत का नाही असं दर वर्षी विचारतात, त्याचं उत्तर हे. मकबरा झाल्यावर नाश्ता, मग दौलताबाद, आणि दुपारनंतर परत. पाणचक्की नाही, अजिंठाही यात नाही. अजिंठा संभाजीनगरपासून १०० किलोमीटर, शिवाय गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे तिथल्या बसने जावं लागतं, ते दोन तासांत उरकण्यासारखं काम नाही. त्याची वेगळी टूर आहे, आणि तिथे फ्लॅश अजिबात चालत नाही, चित्रांना त्रास होतो, मोबाईलचा फ्लॅश आपोआप उडतो तो गाडीतच बंद करून घ्या.

अजून एक, मंगळवारी वेरूळ बंद असतं आणि सोमवारी अजिंठा. "आमचं दुकान मंगळवारी बंद असतं, टूर त्या दिवशी ठेवा" असं सांगणारे बरेच आहेत. आमचा इलाज नाही.

मध्य प्रदेशातल्या महेश्वर-मांडूच्या टूरबद्दल तर जास्तच बोलणं ऐकतो. तीन दिवस जाता आणि ओंकारेश्वर, उज्जैन करत नाही? दोन ज्योतिर्लिंगं एवढ्या जवळ असताना? लोकांची भावना आम्हाला कळते, पण आग्रा रोडने धुळे, सेंधवा करत महेश्वरला पोचायलाच पहिला दिवस जातो. राहिले दोन, त्यातला एक मांडूचा. महेश्वरचा घाट नर्मदेच्या उत्तर काठावर, पहाटे नदीकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडून सूर्य येतो, पायऱ्यांवर बायका वाती सोडत असतात, मागे अहिल्याबाईंचा किल्ला हळूहळू उजळतो. १७६७ ते १७९५ त्यांनी इथून राज्य केलं. आपल्या नगरकडच्या चौंडीची मुलगी, या घाटावर बसून तिने काय काय केलं हे तिथेच बसून ऐकायला वेळ नको का? ओंकारेश्वर घुसवलं तर हीच पहाट जाते, कारण दर्शनासाठी पहाटेच निघावं लागतं. ज्यांना ज्योतिर्लिंगंच करायची आहेत त्यांना आम्ही स्वतः चांगल्या यात्रा कंपनीचा नंबर देतो, त्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

ज्यांना आमची पद्धत पटेल की नाही असं वाटतंय त्यांनी आधी नाशिकमधलाच रविवारचा वॉक करून बघावा. आपलं गाव आहे, काय बघायचं असं म्हणत येतात आणि तीन तासांनी मिसळ खाताना फोटो एकमेकांना दाखवत बसतात. रामकुंडावर सूर्योदयाला सुरुवात, मग दुतोंड्या मारुती, नारोशंकराचं देऊळ, तिथून काळाराम. चारच ठिकाणं. काळारामचं तोंड पूर्वेला आहे पण भोवती उंच तट, त्यामुळे ऊन आत यायला जरा वेळ लागतो, आम्ही त्या बेतानेच पोचतो. इथे मोबाईलवाल्यांची एक चूक ठरलेली, काळा दगड दिसला की मोबाईल स्वतःहून फोटो उजळ करतो आणि देऊळ राखाडी दिसतं. दगडावर बोट टेकवायचं, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढायचं, दगड दगडासारखा काळा येतो. दरवाजाशी आम्ही थोडं जास्त थांबतो. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला तो या देवळापाशी, आणि ते माहीत नसताना काढलेला फोटो आणि माहीत असताना काढलेला फोटो यात आम्हाला तरी फरक दिसतो.

रामकुंडावर एक गोष्ट मात्र कडकपणे पाळतो. तिथे दशक्रिया चालू असतात, लोकं आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन आलेली असतात. डोकं भादरलेला मुलगा पाण्यात उभा आहे, फोटो छानच येईल, पण कॅमेरा खाली. कुणी ऐकलं नाही तर आम्ही तिथेच थांबवतो, मग तो कितीही जुना ग्राहक असो.

ट्रायपॉड आणू नका. पुरातत्व खात्याच्या ठिकाणी त्याला आधी परवानगी लागते, गेटवर अडवतात आणि मग तो परत गाडीत ठेवायला पार्किंगपर्यंत चालत जावं लागतं, त्यात पुन्हा सगळ्यांची वीस मिनिटं. ड्रोनचं तर विचारूच नका. मोबाईलमध्ये जागा आदल्या रात्रीच करून ठेवा, ग्रुपवरचे सकाळचे सुविचार आणि व्हिडिओ काढून टाकलेत तरी पुष्कळ जागा होते.

पैसे थोडे जास्त आहेत हे खरं आहे. १७ जागांच्या गाडीत ११ माणसं नेली की प्रत्येकाच्या वाट्याला भाडं जास्त येतं, साधा हिशोब. पण ११ माणसं एका वेळी विश्वकर्मा लेण्यात उभी राहू शकतात आणि कुणाच्याही फोटोत कुणाचं डोकं येत नाही, ४० जणांत ते होत नाही.

बुकिंग करताना फॉर्ममध्ये दर्शन हवं का, साडी घ्यायची आहे का, गुडघ्याचा त्रास आहे का (दौलताबादला चढ आहे) हे तीन रकाने आहेत, ते कृपया रिकामे सोडू नका. तिथे लिहिलेलं सगळं आम्ही रूटमध्ये बसवतो. गाडी सुटल्यावर सांगितलेलं बसवत नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या वेरूळ टूर आधी भरतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीतच कळवलंत तर बरं.