स्लॅशरचा जाम हब काढणे

ट्रॅक्टरला जोडून गवत कापणाऱ्या रोटरी स्लॅशरमध्ये गिअरबॉक्सच्या खालच्या शाफ्टवर पाती धरणारा जाड लोखंडी हब बसवलेला असतो. हा हब गंजाने शाफ्टला चिकटला की नट काढूनही खाली उतरत नाही. शाफ्ट, बेअरिंग आणि गिअर शाबूत ठेवून तो सोडवण्याचे हे काम आहे. ऑइल सील बदलायचे असो, बेअरिंग वाजत असो की हबच वाकलेला असो, हब उतरल्याशिवाय पुढे हात घालता येत नाही.

सांगली जिल्ह्यात तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या भागांत द्राक्षबागेच्या ओळींमधले गवत स्लॅशरने कापतात. आटपाडी-जतकडे तो डाळिंबाच्या बागेत फिरतो, तर कराड-वाळव्याच्या कृष्णाकाठी बांधावर, पाणंदीला आणि पडीक रानात. उसाच्या पाचटासाठी आडव्या रोटरचा मल्चर वेगळा असतो. स्लॅशरची पाती उभ्या शाफ्टभोवती जमिनीला समांतर फिरतात, म्हणून त्याचा हब नेहमी ओल्या गवताच्या आणि चिखलाच्या अगदी जवळ राहतो. हंगाम संपला की यंत्र न धुता शेडच्या कडेला लागते, पावसाळाभर तिथेच राहते. चिकटलेला चोथा ओल धरून ठेवतो. त्यात खताचे क्षार मिसळले की गंज आणखी वेगाने चढतो. फवारणीतले मोरचूद लोखंड खाते, म्हणून ते लोखंडी भांड्यात कालवू नये हे बागायतदाराला ठाऊक असते. फवारणीच्या बागेत फिरलेला स्लॅशर धुवायचा मात्र राहून जातो.

गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. हब आणि शाफ्टमधल्या केसभर फटीत तो पाचरीसारखा ठासून बसतो. दुसरे कारण कमी लोकांच्या लक्षात येते. नट थोडा ढिला राहिला तर हब शाफ्टवर सूक्ष्म हलत राहतो, धातू घासून लालसर भुकटी तयार होते आणि तीच पुढे घट्ट बसते. म्हणजे जो हब आज निघत नाही, तो कधीकाळी ढिला होता असेही असू शकते. नटाभोवती अशी लाल भुकटी दिसली तर स्प्लाइन (शाफ्टवरचे लांब उभे दाते, ज्यांत हब अडकतो) झिजले असणार असे धरूनच कामाला लागावे.

काम सुरू करण्याआधी पी.टी.ओ. शाफ्ट (ट्रॅक्टरची शक्ती यंत्राला देणारा दांडा) सोडवावा आणि ट्रॅक्टरची चावी काढून खिशात ठेवावी. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या यंत्राखाली कोणीही शिरू नये. चारही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा मजबूत घोडी हवी. यात घाई केल्याने माणसे दगावतात. शाफ्टभोवती गुंडाळलेली सुतळी, मांडवाची तार, ठिबकची नळी आधी चाकूने कापून काढावी. सील फुटून तेल गळण्याचे मूळ बहुधा तिथेच सापडते.

हब शाफ्टवर कसा बसवला आहे हे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. काही गिअरबॉक्सचा शाफ्ट सरळ स्प्लाइनचा असतो, काहींचा निमुळता. सरळ स्प्लाइनवरचा हब कण्हत, सुतासुताने सरकतो. निमुळत्या शाफ्टवरचा तासन्‌तास हलत नाही आणि मग बंदुकीच्या आवाजासारखा एकदम सुटतो. म्हणून नट फिरू न देणारी स्प्लिट पिन काढल्यावर नट पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन फेरे सैल करून तो शाफ्टच्या टोकाशी सपाट होईल असा ठेवायचा. जड हब अंगावर पडत नाही आणि शाफ्टचे आटेही वाचतात.

आता तेल. डिझेल किंवा रॉकेल चालते, पण गंजात मुरणारे तयार तेल अधिक चांगले. ते घालून रात्रभर थांबावे, सकाळी पुन्हा घालावे. मधूनमधून हबच्या कडेला हातोडीने हलके ठोकले की कंपनाने गंजात बारीक भेगा पडतात आणि तेल आत शिरते. त्यानंतर पुलर (हबला पकडून मधला बोल्ट आवळत तो ओढून काढणारे अवजार) लावून आवळावा आणि ताण असतानाच पुलरच्या बोल्टवर एक नेमका घाव घालावा. निमुळत्या शाफ्टवर हबच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना दोघांनी एकाच वेळी हातोडे मारले तर घट्ट बसलेली पकड अनेकदा सुटते. शाफ्टच्या टोकावर थेट घण घालणे ही मात्र मोठी चूक: टोक फुगते, आटे बसतात आणि घाव बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत पोहोचतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण कडक पोलादाचा कपचा उडतो.

तरीही हलला नाही तर उष्णता द्यावी. त्याआधी गळलेले तेल आणि सुके गवत पुसून काढावे, गिअरबॉक्सचे तेल उतरवून झाकण उघडे ठेवावे. ज्योत हबवर गोल फिरवायची, शाफ्टवर नाही. ५० मि.मी. भोकाचा हब शाफ्टपेक्षा २०० अंश सेल्सिअसने अधिक तापला तर भोक सुमारे ०.१२ मि.मी. मोठे होते. एवढी फट पुरते, पण शाफ्ट तापण्याच्या आत पुलर आवळला पाहिजे. जवळचे रबरी सील या उष्णतेत जळणार हे गृहीत धरून नवे आधीच आणून ठेवावे.

किर्लोस्करवाडीत १९१० पासून लोखंडी नांगर घडू लागले. त्या भागात लेथ आणि गॅस वेल्डिंगची दुकाने आज गावोगाव आहेत. दोन-तीनदा तापवूनही हब निघत नसेल तर तो तिथे नेऊन कापावा. हब बदलता येतो. शाफ्ट बिघडला तर सगळा गिअरबॉक्स उघडावा लागतो. गॅसच्या ज्योतीऐवजी ग्राइंडरने शाफ्टला न टेकवता उभी खाच पाडून छिन्नीने उकलणे अधिक सुरक्षित असते. जाम पात्यांच्या बोल्टांनाही हाच न्याय लागू, फक्त त्यांच्या जागी साधे बोल्ट घालू नयेत. डोक्यावर यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचीच खूण असलेले हवेत.

परत बसवताना स्प्लाइन तारेच्या ब्रशने घासून त्यावर ग्रॅफाइट किंवा तांब्याचे ग्रीस लावतात. निमुळता शाफ्ट मात्र स्वच्छ आणि कोरडा ठेवतात. स्प्लिट पिन नवी घालावी आणि पहिल्या काही तासांच्या कामानंतर नट पुन्हा आवळून पाहावा. पाती बोल्टवर हाताने सहज फिरतात का तेही याच वेळी तपासावे. अडकलेले पाते दगडावर आपटले की मागे वळत नाही आणि सगळा दणका थेट गिअरांवर जातो.